वणवा दीडशे मैलांवर, धूर आपल्या खोलीत

प्रश्न थोडक्यात असा आहे. कॅलिफोर्नियात फ्रीमाँटमध्ये राहणाऱ्या कुटुंबातल्या नऊ वर्षांच्या मुलाला दमा आहे. सासू-सासरे पुण्याहून आले आहेत आणि सासऱ्यांची अँजिओप्लास्टी झालेली आहे. उत्तरेकडे वणवा पेटला की फोनवरची तीन ॲप एक्यूआयचे, म्हणजे हवा किती बिघडली आहे ते सांगणाऱ्या निर्देशांकाचे, तीन वेगळे आकडे दाखवतात. सासरे म्हणतात, "पुण्यात हिवाळ्यात एवढा एक्यूआय असतोच, त्यात घाबरायचं काय?" मुलाच्या आईला तीन गोष्टी कळायला हव्या आहेत: आग इतकी लांब असताना आपल्या शहराची हवा का बिघडते, कुठला आकडा खरा मानायचा आणि घरात नेमकं काय करायचं.

बे एरियात, म्हणजे फ्रीमाँटसकट सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीभोवतीच्या भागात, हवेची गुणवत्ता मोजणं आणि तिचा अंदाज बांधणं या कामात मी बरीच वर्षं आहे. तुमचे प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून सलगच लिहिते.

आधी अंतराचं बघू. आग किती मैलांवर आहे यावरून शहरातल्या हवेबद्दल फार थोडं कळतं. वारा धूर कुठे नेतो आणि तो धूर जमिनीपर्यंत उतरतो की डोक्यावरून निघून जातो, या दोन गोष्टींवर सगळं ठरतं.

२०१८ ची 'कॅम्प फायर' नावाची आग बघा. ८ नोव्हेंबरला, म्हणजे त्या वर्षीच्या दिवाळी पाडव्याला, सकाळी उत्तर कॅलिफोर्नियातल्या ब्यूट काउंटीत आग लागली आणि काही तासांत पॅराडाइज हे गाव जवळजवळ पूर्ण जळून गेलं. ८५ माणसं गेली, १८ हजारांहून जास्त इमारती खाक झाल्या. पॅराडाइज ते फ्रीमाँट हे अंतर सरळ रेषेत साधारण दीडशे मैल. तरी धूर त्याच दिवशी बे एरियात पोचला आणि पुढे जवळजवळ दोन आठवडे हलला नाही. १६ नोव्हेंबरला सॅन फ्रान्सिस्कोचा एक्यूआय दोनशेच्या वर गेला, बे एरियातल्या असंख्य शाळांना सुट्टी द्यावी लागली. २१ नोव्हेंबरला, थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी, पाऊस पडला तेव्हा कुठे हवा धुऊन निघाली.

असं का झालं ते समजून घेण्यासारखं आहे. उन्हाळ्यात आपल्याकडे वारा समुद्रावरून येतो, गोल्डन गेटमधून आत शिरतो आणि कार्किनेझच्या सामुद्रधुनीतून डेल्टाकडे, पुढे सॅक्रामेंटोच्या खोऱ्यात जातो. हा वारा चालू असेपर्यंत आतल्या भागातला धूर आपल्यापर्यंत सहसा येत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात हे चक्र अधूनमधून उलटतं. जमिनीकडून समुद्राकडे कोरडे वारे सुटतात, त्यांना इथे डायाब्लो वारे म्हणतात. तेच वारे आग भडकवतात आणि तेच धूर खाडीकडे ढकलतात. कॅम्प फायरच्या वेळी सुरुवातीला जोरदार वाहिल्यानंतर वारा पडला. वर उच्च दाबाचा पट्टा ठाण मांडून बसला. जमिनीलगत थंड हवा आणि तिच्यावर उबदार हवा, असे थर तयार झाले. एरवी खालची तापलेली हवा वर जाते आणि प्रदूषण सोबत घेऊन जाते. थर असे उलटे लागले की ते अभिसरण थांबतं, पातेल्यावर घट्ट झाकण ठेवावं तसं. त्यात बे एरियाच्या भोवती टेकड्या. आलेल्या धुराला ना वर वाट, ना बाजूला.

पूर्व किनाऱ्यावरच्या आपल्या लोकांनी हेच जून २०२३ मध्ये अनुभवलं. क्यूबेकमधल्या वणव्यांचा धूर कित्येकशे मैल खाली आला आणि ७ जूनला न्यूयॉर्क-न्यू जर्सीचं आकाश पिवळं-नारिंगी झालं. ईशान्येला किनाऱ्यालगत रेंगाळलेल्या कमी दाबाच्या क्षेत्राने तो धूर दक्षिणेकडे ओढून घेतला होता. तिथे जवळपास आग कुठेच नव्हती.

आता याच्या अगदी उलट उदाहरण सांगते, कारण लोक सगळ्यात जास्त इथे फसतात. १६ आणि १७ ऑगस्ट २०२० ला कॅलिफोर्नियात पावसाविना हजारो विजा कोसळल्या आणि राज्यभर वणवे पेटले. त्या वर्षीची गणेश चतुर्थी, २२ ऑगस्ट, धुरातच गेली. १८ ऑगस्ट ते १६ सप्टेंबर असे सलग ३० दिवस बे एरियात 'स्पेअर द एअर'चा, म्हणजे हवा खराब असल्याचा, इशारा लागू होता. त्यातला ९ सप्टेंबर सगळ्यांच्या लक्षात आहे. त्या दिवशी उजाडलंच नाही. भर दुपारी रस्त्यावर गाड्यांचे दिवे लागलेले, आकाश गडद नारिंगी. सगळ्यांना वाटलं, याहून वाईट हवा असूच शकत नाही. पण त्या दिवशी सॅन फ्रान्सिस्कोत जमिनीलगतची हवा दिसत होती तेवढी वाईट नव्हती. खाली समुद्रावरून आलेला थंड, दमट हवेचा थर होता आणि धुराचा जाड पट्टा त्याच्या वर तरंगत होता. धुराच्या कणांमुळे निळा प्रकाश वरच विखुरला जात होता, खाली फक्त पिवळा-तांबडा पोचत होता. पुढच्या दोन-तीन दिवसांत तोच धूर खाली उतरला. आकाश करडं, साधं ढगाळ दिसायला लागलं, लोकांना हायसं वाटलं, आणि नेमकी तेव्हा श्वासातली हवा कितीतरी जास्त घातक होती.

म्हणून आकाशाच्या रंगावर जाऊ नका. उपग्रहाच्या चित्रावरही एकट्यावर विसंबू नका. उपग्रह वरून बघतो, त्याला धुराचा पट्टा दिसतो, पण तो जमिनीपासून किती उंचीवर आहे हे त्या चित्रातून कळत नाही.

वासाचंही तसंच. जळक्या लाकडाचा वास येतो तो धुरातल्या वायूंमुळे. धूर एक-दोन दिवसांचा प्रवास करून येतो तोवर त्यातले बरेच वायू उन्हात बदलून जातात, वास विरतो. कण मात्र हवेत असतातच. "आज वास येत नाही, खिडक्या उघडूया" हे मी दर मोसमात ऐकते आणि दर वेळी सांगते, आधी आकडा बघा.

आकडा म्हणजे कशाचा? धुरात शेकडो रसायनं असतात, पण शहरातल्या माणसाच्या दृष्टीने मुख्य धोका पीएम २.५ चा, म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान कणांचा. वणव्याच्या धुरातले बहुतेक कण तर अर्ध्या मायक्रॉनच्या आसपासचे असतात. नाक-घसा त्यांना अडवू शकत नाहीत, ते फुप्फुसांच्या अगदी टोकाच्या वायुकोशांपर्यंत जातात. कार्बन मोनॉक्साइड आगीच्या जवळ मारक असतो, दीडशे मैलांवर येईपर्यंत तो बराच विरळ होतो. ओझोनचं गणित गुंतागुंतीचं आहे: धुरातले वायू आणि शहरातल्या गाड्यांचे नायट्रोजन ऑक्साइड उन्हात एकत्र आले की ओझोन वाढतो, पण धूर इतका दाट असेल की ऊनच पोचत नाही, तर तो वाढत नाही. तुमच्या घरापुरतं पीएम २.५ वर लक्ष ठेवलंत तरी बहुतेक काम होतं.

एक अपवाद मात्र मी आवर्जून सांगते. गावं जळतात तेव्हा धुरात फक्त झाडं नसतात. रंग, तारा, प्लास्टिक, गाड्या सगळं असतं. कॅलिफोर्नियाच्या एअर रिसोर्सेस बोर्डाने २०२१ मध्ये कॅम्प फायरच्या धुराचं विश्लेषण प्रसिद्ध केलं. त्यात शिसं आणि जस्त ठळकपणे वाढलेलं होतं. पॅराडाइजजवळच्या चिको शहरात शिशाचं प्रमाण साधारण एक दिवस नेहमीच्या सरासरीच्या सुमारे ५० पट होतं. एक्यूआयमध्ये हे दिसत नाही, कारण तो कणांचं वजन मोजतो, कण कशाचे आहेत हे बघत नाही. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये हाच प्रश्न आला. तिथे राखेचे मोठे कण उडत होते आणि एक्यूआय ते पकडतच नाही, त्यामुळे आकडा बरा दिसला तरी राख उडत असेल तिथे मास्क लावा, असं सांगावं लागलं.

आता तुमच्या सासऱ्यांच्या म्हणण्याकडे येते. ते चुकीचं निरीक्षण करत नाहीत, पण ते दोन वेगळ्या फूटपट्ट्या एकमेकींशेजारी ठेवत आहेत. एक्यूआय हा कुठल्याही पदार्थाचा थेट आकडा नाही. प्रत्येक देश मोजलेल्या मायक्रोग्रॅमचं आपापल्या कोष्टकाने त्यात रूपांतर करतो. हवेच्या दर घनमीटरमध्ये ५५ मायक्रोग्रॅम पीएम २.५ असेल तर अमेरिकेचा एक्यूआय १४९ येतो, म्हणजे दम्याच्या मुलाने आणि हृदयरुग्णाने जपायलाच हवं. तेच ५५ मायक्रोग्रॅम भारताच्या कोष्टकात ९० च्या आसपास बसतात आणि 'समाधानकारक' ठरतात. पुढे गंमत उलटी होते. साधारण ८० मायक्रोग्रॅमच्या वर भारतीय आकडा अमेरिकेच्या आकड्याहून मोठा यायला लागतो. १५० मायक्रोग्रॅमला अमेरिकेत सव्वादोनशे, तर भारतात तीनशेच्या वर. म्हणून "पुण्याचा दोनशे आणि फ्रीमाँटचा दोनशे" ही तुलना करूच नये. ॲपमध्ये मायक्रोग्रॅम दाखवण्याची सोय असते, ती चालू करा आणि पुण्याचा आकडाही मायक्रोग्रॅममध्येच बघा. सासऱ्यांच्या फुप्फुसांना कोष्टक कळत नाही, कण कळतात. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची मर्यादा २४ तासांच्या सरासरीला १५ मायक्रोग्रॅम आहे, अमेरिकेची ३५, भारताची ६०. पुण्यातली हिवाळ्यातली हवा नेहमीची आहे म्हणून ती निरुपद्रवी ठरत नाही, हेही त्यांना जरूर सांगा.

आणखी एक खाच. अमेरिकेने मे २०२४ पासून आपलं कोष्टक बदललं. पूर्वी 'अतिशय अनारोग्यकारक' ही जांभळी पायरी सुमारे १५० मायक्रोग्रॅमनंतर सुरू व्हायची, आता ती १२५ नंतर सुरू होते. जुन्या बातम्यांतला एक्यूआय आणि आजचा एक्यूआय म्हणूनच सरळ जुळत नाहीत.

तीन ॲपवर तीन आकडे का, याचं उत्तरही इथेच जवळ आहे. सरकारी केंद्रांची यंत्रं महागडी आणि काटेकोर असतात, पण ती मोजकीच, आणि तुमच्या घरापासून काही मैल लांब असू शकतात. एअरनाऊ या सरकारी संकेतस्थळावर दिसणारा आकडा गेल्या १२ तासांच्या नोंदींवरून काढतात. हवा वेगाने बदलत असेल तर त्यात शेवटच्या काही तासांना जास्त वजन मिळतं. तरी धूर अचानक आला तर हा आकडा थोडा मागे राहतो. दुसरीकडे पर्पलएअरसारखे लहान सेन्सर लोकांच्या अंगणात लावलेले असतात. ते लेझरच्या उजेडात कण 'बघून' वजनाचा अंदाज करतात, आणि वणव्याच्या धुरात तो अंदाज बऱ्याचदा प्रत्यक्षाच्या जवळजवळ दुप्पट येतो. तिसऱ्या प्रकारची ॲप तर प्रत्यक्ष मोजमापाऐवजी संगणकाच्या प्रारूपाचा आकडा दाखवत असतात. मी स्वतः एअरनाऊचा 'फायर अँड स्मोक' नकाशा वापरते, कारण त्यात सरकारी केंद्रंही आहेत आणि लहान सेन्सरचे आकडे दुरुस्त करून दाखवलेले आहेत. घराजवळचे तीन-चार ठिपके बघा. एकटाच ठिपका लाल आणि बाकी हिरवे असतील तर बहुधा शेजारी कुणीतरी बार्बेक्यू करतंय.

त्याहून उपयोगाची सवय म्हणजे गेल्या दोन दिवसांचा तासातासाचा आलेख बघणं. धूर कोंडलेला असेल तर रात्रभर तो खालच्या थरात साचतो, पहाटे-सकाळी हवा सगळ्यात वाईट असते आणि दुपारी समुद्राचा वारा सुटला की थोडी सुधारते. पण धूर वरच्या थरात असेल तर सकाळ स्वच्छ जाते. अकरा-बाराला जमीन तापते, हवा ढवळली जाते आणि वरचा धूर खाली येतो. सासऱ्यांना सकाळी फिरायला जायची सवय असेल तर यातला कुठला प्रकार चालू आहे हे आधी बघा. कुठल्या वेळी जावं याचा सरसकट नियम मी देऊ शकत नाही, आलेख देतो.

घराकडे वळते, कारण बाहेरची हवा आपल्या हातात नसते, घरातली बऱ्यापैकी असते. कॅलिफोर्नियातल्या चौदाशेहून जास्त इमारतींमधल्या लहान सेन्सरच्या नोंदींवर २०२१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. धुराच्या दिवसांत लोकांनी खिडक्या बंद केल्या, शुद्धीकरण यंत्रं लावली, त्यामुळे बाहेरच्या कणांचा घरात शिरणारा वाटा साधारण निम्म्यावर आला. तरीही घरातले कण नेहमीच्या दिवसांच्या जवळजवळ तिप्पट झाले. दारं-खिडक्या लावणं गरजेचं आहे, पुरेसं नाही.

म्हणून सगळं घर स्वच्छ ठेवायच्या मागे लागू नका. एक खोली निवडा, जिथे मुलगा आणि आजी-आजोबा झोपू शकतील. तिथे हेपा, म्हणजे अगदी बारीक कण अडवणाऱ्या, फिल्टरचं यंत्र चोवीस तास चालू ठेवा, रात्री आवाज होतो म्हणून कमी करू नका. यंत्र घेताना खोक्यावर धुरासाठीचा सीएडीआर आकडा बघा, यंत्र मिनिटाला किती स्वच्छ हवा देतं ते तो सांगतो. वणव्याच्या धुरासाठी तो खोलीच्या चौरस फुटांइतका तरी हवा. बारा बाय बाराच्या खोलीला १४४ किंवा जास्त. ओझोन किंवा 'आयन' सोडणारं यंत्र दम्याच्या घरात नको. यंत्र मिळालं नाही तर साधा चौकोनी बॉक्स फॅन आणि २० बाय २० इंचाचे चार मर्व्ह १३ (बारीक कण अडवणाऱ्या प्रतीचे) फिल्टर चिकटपट्टीने जोडून पेटी करतात, तिला कोर्सी-रोझेन्थल बॉक्स म्हणतात. दिसायला ओबडधोबड, पण चांगलं काम करते. पंखा जुनापुराणा घेऊ नका. घरात सेंट्रल हीटिंग-कूलिंग असेल तर त्यातही मर्व्ह १३ बसतो का ते तपासा, बाहेरची हवा आत घेणारी झडप बंद करा आणि फक्त पंखा चालू ठेवा.

मराठी घराबाबत एक गोष्ट स्पष्ट बोलते. खिडक्या बंद असताना फोडणी, तव्यावर जळणारं पीठ, तळण, उदबत्ती, धूप, कापूर यांचा धूर जायला जागा नसते, आणि तेही पीएम २.५ च असतं. चुलीवरचा पंखा जोरात लावला तर तो घरातली हवा बाहेर फेकतो आणि तेवढीच बाहेरची धुरकट हवा फटींतून आत खेचतो. त्या दिवसांत कुकरमधलं, उकडलेलं जेवण करा, फोडणीचं तेल धुरावेपर्यंत तापवू नका. देवापुढे उदबत्तीऐवजी फुलं वाहा. सासूबाईंना कारण समजावून सांगितलंत तर त्या ऐकतील. नातवाच्या छातीचा प्रश्न आहे.

बे एरियात अनेक घरांना एसी नाही, आणि सप्टेंबर २०२० मध्ये लेबर डेच्या सुट्टीत झालं तसं उकाडा आणि धूर एकत्र आले तर काय करायचं? तेव्हा उष्णतेला आधी मान द्या. वयस्कर माणसाला बंद, तापलेल्या घरात ठेवणं त्या धुराइतकंच, कधी जास्त धोक्याचं असतं. दुपारी त्यांना एसी असलेल्या वाचनालयात किंवा मॉलमध्ये न्या, गाडीत हवा आतल्या आत फिरवण्याचं बटण लावून.

मास्क लागतो तेव्हा एन ९५ च. कापडी किंवा साधा सर्जिकल मास्क या कणांपुढे फारसा टिकत नाही, कारण हवा बाजूच्या फटींतून येते. मुलासाठी लहान मापाचा केएन ९५ किंवा केएफ ९४ बघा, आणि तो नाकाशी, गालांशी नीट बसतो का ते घरीच करून पाहा. वायू मात्र यातला कुठलाच मास्क थांबवत नाही.

मुलगा वजनाच्या मानाने मोठ्या माणसापेक्षा जास्त हवा आत घेतो, आणि धावताना तर कितीतरी पट. त्यामुळे अमेरिकन एक्यूआय १०० च्या वर गेला की त्याचं बाहेरचं खेळणं कमी करा, १५० च्या वर पूर्ण बंद. शाळेला आधीच लिहून द्या. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या नोंदींवरच्या २०२१ च्या एका अभ्यासात असं दिसलं की श्वसनाच्या तक्रारींसाठी रुग्णालयात दाखल होण्याच्या बाबतीत वणव्याचे कण इतर स्रोतांच्या तेवढ्याच कणांपेक्षा दहापटीपर्यंत जास्त घातक ठरू शकतात. हे मी भीती घालायला सांगत नाही, "एवढ्याने काय होतंय" म्हणणाऱ्यांसाठी सांगते. मुलाचा रोजचा इनहेलर एकही दिवस चुकवू नका आणि त्रास वाढला तर कुठल्या क्रमाने काय द्यायचं हे डॉक्टरांकडून आत्ताच लेखी घ्या. सासऱ्यांच्या बाबतीत छातीत दुखणं, दाबल्यासारखं वाटणं, बसल्या जागी धाप लागणं, बोलणं अडखळणं, यातलं काहीही झालं तर "धुरामुळे असेल" म्हणून थांबू नका, ९११ ला फोन करा. धुराचा परिणाम हृदयावर आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांवरही होतो. त्यांच्या औषधांचा साठा आणि प्रवासविम्याचे कागद हाताशी ठेवा.

बागकाम, बांधकाम करणारं कुणी तुमच्याकडे येत असेल तर त्यांचाही विचार करा. कॅलिफोर्नियात २०१९ पासून नियम आहे की पीएम २.५ चा एक्यूआय १५१ किंवा जास्त असेल तर बाहेर काम करणाऱ्यांना मालकाने मास्क पुरवायचा. त्या दिवशी पानं उडवायचा ब्लोअर चालवायला लावू नका.

धूर ओसरला की, म्हणजे जवळचे ठिपके काही तास सलग हिरवे राहिले की, सगळ्या खिडक्या एकदम उघडा; आत कोंडलेली हवा जायला हवी. फरशी आणि कपाटं ओल्या फडक्याने पुसा, कोरडा झाडू मारू नका. अंगणात राख पडली असेल तर मुलाला तिच्यापासून दूर ठेवा आणि पाणी शिंपडूनच गोळा करा. फिल्टर काळपट पडला असेल किंवा त्याला वास येत असेल तर सांगितलेली मुदत संपायची वाट न बघता बदला. नवे फिल्टर आणि एन ९५ दर वर्षी जूनपर्यंत घेऊन ठेवा. आग लागल्यावर ते दुकानांतून एका दिवसात संपतात.